लांब टाका, आखूड टाका

फौजेत बराक होती, इथंही बराकच.
तिथं पहाटे गिनती, इथंही पहाटे गिनती.
हर्सूल जेलच्या शिलाई विभागात आम्ही तिघं माजी सैनिक:
मी, हवालदार उत्तरेश्वर मिसाळ, इंजिनिअर्सचा,
सिग्नलचा नायक इब्राहिम सौदागर,
आणि लंगरातला दिगंबर खिल्लारे, जो अजूनही
तीनशे माणसांच्या मापानंच मीठ टाकतो.

बंदीची वेळ होईस्तोवर आम्ही दुपटी शिवतो.
घाटी दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेल्या
सव्वा किलोच्या, दीड किलोच्या लेकरांसाठी.
कुणी सांगितलं नव्हतं.
खिल्लारेची लेक सातव्या महिन्यातच बाळंत झाली.
पॅरोलचा कागद हातात पडेपर्यंत
नातवाची माती होऊन गेली होती.
परत आला तेव्हा जेवला नाही.
सुई मागितली.

सुया मोजून मिळतात, मोजून परत घेतात.
आम्हाला त्याचं काही वाटत नाही.
काडतुसं अशीच मिळायची.

कापड नवं चालत नाही, अंगाला टोचतं.
म्हणून आम्ही कंडम चादरी मागतो,
धुऊन धुऊन विरलेल्या.
कंडम हा शब्द फौजेपासून तोंडपाठ:
शिक्का, सही, मग फाडून टाकायचं.
साहेब म्हणाले, चांगल्या देतो की, कंडमच कशाला?
खिल्लारे म्हणाला, साहेब, मऊ असतंय.
साहेबांनी सही केली, वर पाहिलं नाही.
दोऱ्याचे पैसे आमच्या मजुरीतून.

सव्वीस जानेवारीला पाहुणे आले.
म्हणाले, मेडल लावा, फोटो घेऊ.
माझं मेडल ट्रंकेत आहे.
ट्रंक बायकोकडे.
बायको कुठंय, ते मी विचारत नाही.

तुम्ही गुन्हा विचाराल. विचारा.
रायफल नव्हती, पहार होती.
सुट्टीवर आलो होतो, मेव्हणा दारात उभा होता.
रागाच्या भरात, असं वकील म्हणाला. मी म्हणत नाही.
तो मेला तेव्हा त्याचं लेकरू चार महिन्यांचं होतं.
आता त्याला मिसरूड फुटली असेल.
त्याच्या मापाचं दुपटं होत नाही.
एकदा मोठं शिवायला घेतलं होतं.
उसवलं, त्याची चार लहान झाली.

सौदागर काठ शिवतो. वेडावाकडा शिवतो:
एक लांब टाका, दोन आखूड, मधे जागा, परत लांब.
मी वाळूच्या गोण्या शिवलेला माणूस,
मला टाका सरळ लागतो. चार महिने शिव्या घातल्या.
मग एका दुपारी भिंतीवर पाल चुकचुकली
आणि त्याचं बोट आपोआप टेबलावर वाजायला लागलं,
तेव्हा कळलं.
मोर्स.
काय लिहितोस रे?
म्हणाला, काही नाही, हवालदारसाहेब.
नेहमीचंच. आवाज येतोय का, ओव्हर.
आणि जबाब?
दोन किलोचंही नाही ते, म्हणाला,
जबाब कसला देतंय.

मागच्या आठवड्यात सुवार्ता सिस्टर आल्या,
दर महिन्याला येतात, गठ्ठा घेऊन जातात.
या वेळी एक जुनं दुपटं परत आणलं.
बाई म्हणे अंबडकडची, लेकरू आता रांगतं,
दुपटं आणून दिलं, म्हणाली, दुसऱ्या कुणाला होईल.
धुतलेलं. काठ एका जागी उसवलेला,
आणि तिथं तिनं शिवलेलं, काळ्या दोऱ्यानं,
घाईत, जसं जमेल तसं.

सौदागरनं चष्मा काढला.
डोळे मिटून काळ्या टाक्यांवरून बोट फिरवलं,
एकदा, मग उलट्या बाजूनं.
खिल्लारेनं मशीनचं पायडल थांबवलं.
काय म्हणते?
फार चुका आहेत, सौदागर म्हणाला.
पण आवाज पोचलाय.

मग शिपाई आला. सुया मोजल्या.
एक कमी भरली.
शोधाशोध, झडती, पुन्हा गिनती.
शेवटी त्याच दुपट्यात सापडली, काठाशी,
दोरा ओवलेली.